पडलेल्या गावातली बाळंतीण

सोबत काहीही घेऊ नका. औषधाची पिशवी, हातमोजे, मोबाइल, विजेरी, सगळं इथंच राहू द्या. या प्रवासात वस्तू पलीकडे जात नाहीत, डोक्यात असेल तेवढं जातं. घडून गेलेलं थांबवण्याचीही मुभा नाही. तुम्ही दारं बडवलीत, ओरडून गाव जागं केलंत, तरी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची जमीन हलणारच आहे.

आणखी एक. तुम्ही पुरुष असाल, तरी आज बाई होऊन या. जिथं जायचं आहे तिथं पुरुषाला आत घेत नाहीत.

तेरणेच्या खोऱ्यातलं, किल्लारीपासून थोड्या अंतरावरचं एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण ज्या बाईकडे तुम्हाला नेतो आहे ती माझ्या कल्पनेतली आहे. तिच्या भोवतीचं गाव मात्र खरं आहे. त्या पट्ट्यातली ५२ गावं त्या पहाटे जमीनदोस्त झाली आणि त्यातल्या कुठल्याही गावात ती असू शकली असती.

आदल्या संध्याकाळी पोचा. अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जनाचा दिवस. पोरांच्या केसांत गुलाल आहे. तुम्ही वाड्यात शिरता आणि पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. भिंती दगड-मातीच्या, हातभर नव्हे, चांगल्या दोन-तीन फूट जाड. वर लाकडी तुळया, त्यांवर मातीचा जाड थर. माळवद म्हणतात त्याला. दरवर्षी पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी माती पडते, जुनी कुणी काढत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं ओझं डोक्यावर घेऊन घर उभं असतं.

ती माहेरी आली आहे, पहिलटकरीण. दिवस भरायला तीन आठवडे आहेत. तिच्या आईनं सगळ्यांत आतली खोली सारवून ठेवली आहे. खिडकी नाही, एकच दार. कोपऱ्यात बाज, शेगडी, गोवऱ्यांची रास, जुन्या धोतराच्या धुऊन घडी घातलेल्या चिंध्या, फडक्यात बांधलेला ओवा आणि बाळंतशेपा. वारा नको, नजर नको, ऊब हवी. बाळंतिणीसाठी घरातली सर्वांत सुरक्षित जागा निवडायची, ही आईची माया. त्या रात्री घरातली सर्वांत धोक्याची जागाही तीच आहे, कारण चारही जाड भिंती तिच्यावर येऊन टेकतात.

मुलीला आत उकडतं. पोट वर आलंय, कुशीवर वळता येत नाही. ती अंगणात अंथरूण टाकते.

"भरल्या दिवसांची बाई उघड्यावर निजती का गं?" आई म्हणते.

"निजू दे," ओसरीवरून बाप म्हणतो. "मागल्या साली आपून सगळेच निजलो नव्हतो का भाईर?"

खरं आहे. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारी परिसरात लहान धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते. लोक काही दिवस अंगणात झोपले. मग धक्के थांबले, थंडी आली, लोक घरात गेले. हा भाग भूकंपाच्या दृष्टीनं देशातला सर्वांत सुरक्षित मानला जाई. दख्खनचं पठार हलत नसतं, असंच सगळ्यांनी शिकलेलं.

पुढच्या काही मिनिटांवरून मी तुम्हाला पटकन पुढं नेतो. तिथं थांबून कुणाचं भलं होणार नाही. आवाज येतो, मग धूळ. चंद्र जवळजवळ पूर्ण आहे, तरी काही दिसत नाही. त्या पहाटे आठ ते दहा हजार माणसं गेली. त्यांत तिची आई आहे, ओसरीवरचा बाप आहे. तीन आठवड्यांनी तिच्यासाठी पेटणार होती ती शेगडीही मातीखाली आहे.

ती जिवंत आहे. अंगणात, मातीनं पांढरी झालेली, दोन्ही हातांनी पोट धरून बसलेली.

आता तुमचं काम सुरू होतं.

उजाडल्यावर तुम्ही गावात माणसं शोधता, तेव्हा एक गोष्ट लक्षात येते. मोठ्या घरांच्या आळीत उभं असं काही उरलेलं नाही. गावकुसाकडच्या वस्तीत मात्र कुडाची घरं वाकडीतिकडी का होईना, उभी आहेत. ज्यांना दगडाचं घर बांधता आलं नाही, ते वाचले. याच वस्तीतून सुईण येते. साठीची, मातंग समाजातली. या गावातल्या निम्म्या लोकांची नाळ तिच्या हातानं कापलेली. एरवी या वाड्याच्या उंबऱ्याआत तिला बाळंतपणापुरतंच यायला मिळे. आज उंबरा उरलेला नाही.

"माझं घर कुडाचं, माय," ती तुम्हाला सांगते. "कुडाला काय पडायचं? वरचं पाचट अंगावर आलं, झटकून उठले."

दुपारी मुलीच्या कळा सुरू होतात. धक्क्यानं असेल, उपाशीपोटी धावपळ झाल्यानं असेल, तीन आठवडे आधीच. लातूर चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि रस्त्यावरची प्रत्येक गाडी जखमींनी भरलेली. डोकं फुटलेला, पाय चिरडलेला माणूस समोर असताना कळा देणाऱ्या बाईला गाडीत जागा मिळत नाही. तिला काही झालंय असं कुणाला वाटत नाही. बाळंतपण म्हणजे आजार थोडाच, असं म्हणून लोक पुढं जातात. जगातल्या कितीतरी आपत्तींत हेच झालं आहे. ढिगारे मोजले जातात, जखमी मोजले जातात, पण पुढच्या महिन्यात किती बाया बाळंत होणार हे फारसं कुणी मोजत नाही. खरं तर ते मोजणं सर्वांत सोपं. त्या काळात महाराष्ट्रात हजारी पंचवीसच्या आसपास जन्म होत. म्हणजे दहा हजार वस्तीत महिन्याला वीस बाळंतपणं. भूकंप आला म्हणून त्यातलं एकही पुढं ढकललं जात नाही. उलट काही अलीकडे येतात.

तुम्ही आणि सुईण तिला गावाबाहेर, कडब्याच्या गंजीआड नेता. पलीकडे तुरीचं उभं रान आहे. दोन बाया लुगडं आडवं धरतात. आता सगळ्यांत आधी काय हवं?

पाणी आणि विस्तव. वाड्यांच्या तुळया, खांब, दारं, सगळं लाकूड गावभर पडलं आहे. माणसं ते ओढून नेताहेत, चितांसाठी. तुम्ही एका फळीचा तुकडा मागता, तेव्हा तो माणूस कशाला हवं म्हणून विचारत नाही. तुम्ही सांगता, "बाळंतपण आहे." तो खांद्यावरचं सगळंच लाकूड खाली ठेवतो.

तीन दगडांची चूल, त्यावर कुणाचं तरी चेपलेलं पातेलं. त्यात दोरा आणि ब्लेड उकळत ठेवा. ब्लेड कुणाच्या तरी दाढीच्या सामानातलं, कागदातलं, कोरं. सुईण एरवी विळा वापरते, पण ब्लेडला तिचा नकार नाही. तिला हात धुवायला सांगाल तेव्हा जपून. ती हात धुतेच, पण बाळंतपण उरकल्यावर. आधी का धुवायचे हे तिला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. तुम्ही स्वतः साबणाची वडी घेऊन कोपरापर्यंत हात धुवा आणि मग वडी तिच्याकडे द्या. ती तुमच्याकडे बघते, मग तीही धुते. नखांतली माती काडीनं काढते. आज सगळ्यांच्याच नखांत माती आहे.

हात स्वच्छ, अंथरूण स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळेवर काही लावायचं नाही. १९९२ मध्ये देशभर सुरू झालेल्या बालक व माता सुरक्षा कार्यक्रमात सुईणींना हेच शिकवत होते. नाळेवर शेण किंवा राख गेली की धनुर्वाताचा धोका, आणि धनुर्वात झालेलं बाळ आठवड्या-दोन आठवड्यांत आखडून जाई. या मुलीनं धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं घेतली आहेत का? तिला विचारा. "घेतलेत," ती दात आवळून सांगते. उपकेंद्रातल्या नर्सबाई घरी येऊन देऊन गेल्या होत्या. वाड्याचं काहीच उरलेलं नसताना तिच्या रक्तातलं हे संरक्षण मात्र शाबूत आहे. बाळालाही ते तिच्याकडूनच मिळणार.

रात्री पाऊस येतो. एक ताडपत्री मिळाली आहे, तिच्या चार टोकांना चार बाया. त्यांतल्या दोघींची लेकरं अजून ढिगाऱ्याखाली आहेत. त्या ताडपत्री सोडत नाहीत.

पहाटे बाळ येतं. मुलगी आहे. लहानशी, निळसर, आणि रडत नाही.

सुईणीची नजर वारेकडे जाते. वार निखाऱ्यावर शेकली की बाळात जीव येतो, अशी तिची रीत. वार अजून पडलेली नाही, निखारे पावसानं विझत आलेत, आणि एवढा वेळ नाही. तुमच्याकडे आहे जेमतेम एक मिनिट. कोरडं फडकं घ्या आणि बाळाला पुसा. डोकं, पाठ, पोट, काखा, सगळं खसखसून. ओलं झालेलं फडकं टाकून द्या, दुसरं घ्या. मान सरळ, ना मागे पडलेली, ना छातीला टेकलेली. पाठीच्या कण्यावरून तळवा वरखाली चोळा. उलटं धरू नका, चापट्या मारू नका. जन्मतः न रडणाऱ्या बाळांपैकी बरीचशी एवढ्यानंच श्वास घेतात. ज्यांना नुसतं पुसून श्वास येत नाही, त्यांना तोंडानं किंवा पिशवी-मुखवट्यानं हवा द्यावी लागते, आणि ते करायला शिकलेला माणूस लागतो. या पहाटे नशीब तेवढं बरं आहे. बाळ एक उचकी देतं, मग दुसरी, मग कर्कश रडतं. ताडपत्री धरलेली एक बाई हुंदका देते. रात्रभरात तिच्या तोंडून निघालेला हा पहिला आवाज.

आता बाळाला ठेवायचं कुठं? शेगडी नाही, दुपटी नाहीत, पाऊस आहे. नवजात बाळ अंगात ऊब धरून ठेवू शकत नाही, त्यातून हे दोन किलोच्या आसपासचं. आईच्या पोटातल्या ३७ अंशांतून ते ओल्या वाऱ्यात आलं आहे, आणि शरीर ३६.५ अंशांच्या खाली गेलं की घसरण सुरू होते. आधी चोखणं मंदावतं, मग श्वास.

जागा एकच आहे. आईची ओली चोळी काढा. बाळ उघडंच तिच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मधोमध, बेडकागत पाय दुमडून उभं ठेवा. डोक्याला धोतराच्या तुकड्याचं टोपरं बांधा, कारण एवढ्याशा जिवाची ऊब डोक्यातून फार जाते. वरून कोरडं लुगडं गुंडाळा, त्यावर पोतं. आईच्या अंगाला अंग लागलं की तिची कातडीच बाळाला हवी तेवढी ऊब देत राहते.

"अन् न्हाणायचं?" सुईण विचारते. "अंगावरचा चिकटा तसाच?"

तसाच. तो पांढरा थर बाळाचं कातडं सांभाळतो, आणि आंघोळीनं बाळ गार पडतं. एरवी हे तिला पटवायला तुम्हाला महिने लागले असते. आज न्हाणायला ऊन पाणीच नाही, म्हणून ती मान हलवते. आपत्तीनं सगळ्या चांगल्या रीती नेल्या, त्यात ही एक घातक रीतही गेली.

तुम्ही जे केलंत ते त्या काळाला अनोळखी नव्हतं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे या डॉक्टरांच्या रुग्णालयात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, एकेका पेटीत अनेक बाळं ठेवावी लागत, जंतुसंसर्गानं ती दगावत. तेव्हा त्यांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीशी बांधली. पुढं एक्तोर मार्तीनेस यांनी ते काम वाढवलं. कांगारू पद्धत हे नाव त्याला तिथंच मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा बाळांना जन्मल्यापासून लगेच छातीशी ठेवा असं स्पष्ट सांगायला मात्र २०२२ साल उजाडावं लागलं. त्यासाठी लागणारं सगळं १९९३ मध्ये या कडब्याच्या गंजीआड होतं. ते सांगणारं कुणी नव्हतं. मला यातली हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते.

पण आईला विसरू नका. सगळ्यांच्या नजरा बाळावर खिळतात ती वेळ आईसाठी सर्वांत धोक्याची. वार पडली का? पूर्ण पडली का, तुकडा तर राहिला नाही? तिच्या ओटीपोटावर हात ठेवा. गर्भाशय नारळागत टणक लागलं पाहिजे. मऊ लागलं तर गोल चोळत राहा. बाळाला स्तनाशी लावा, चोखण्यानं गर्भाशय आकसतं. खालचं कापड किती भिजलं ते दर थोड्या वेळानं बघा, अंधारात हातानं चाचपून बघा.

इथं तुम्हाला खरं सांगायला हवं. हा रक्तस्राव थांबला नसता, तर तुमच्या डोक्यातलं ज्ञान तिला वाचवू शकलं नसतं. तिथं गर्भाशय आकसवणारं इंजेक्शन लागतं, सलाइन लागतं, रक्त लागतं, आणि ते सगळं जिथं आहे तिथपर्यंत नेणारी गाडी लागते. मूल आडवं असतं तरी हेच. दर शंभर बाळंतपणांत पंधराएक अशी गुंतागुंतीची निघतात, असं धरूनच आता जगभर आपत्तीतली तयारी करतात. त्या पंधराजणींना कडब्याच्या गंजीआडची माया पुरत नाही. म्हणून मदतीच्या पहिल्या दिवशी एक गाडी बाळंतिणींसाठी वेगळी काढा, हा हट्ट चुकीचा नाही. जखमींच्या वाट्याची गाडी हिरावली असं वाटणाऱ्यानं लक्षात घ्यावं, की रक्त वाहणारी बाळंतीण हीही जखमीच आहे आणि तिच्याकडे दोन तासांपेक्षा जास्त वेळ नसतो.

या मुलीचा स्राव थांबतो. सुईण तिचं पोट बांधते, घट्ट नाही, नुसतं आधाराला. मग अंगठ्यानं स्तन दाबून पहिलं घट्ट पिवळं दूध जमिनीवर पिळायला जाते. तिचा हात धरा. चीक टाकून द्यायचा, तिसऱ्या दिवसापर्यंत गुळाचं पाणी नाहीतर मध चाटवायचा, अशी रीत. "ही पहिली लस आहे, मावशी. जंतूंशी लढायची ताकद यात आहे. आज इथं पाणी कसलं आहे ते तुम्ही बघताच आहात." सुईण विहिरीच्या दिशेनं बघते. काल विहिरीचा कठडा आत कोसळला. ती हात काढून घेते. बाळ शोधत शोधत तोंड लावतं.

तीन दिवसांनंतरच्या दुपारी पुन्हा या.

लष्कर आलं आहे, स्वयंसेवक आले आहेत, राज्यभरातून ट्रकच्या रांगा लागल्या आहेत. पाऊस थांबत नाही. ट्रकच्या फळीवरून जुने कपडे फेकले जातात. पँटी, नायलॉनच्या साड्या, शाळेचे गणवेश. बाळाला गुंडाळता येईल असं मऊ सुती कापड त्यात सापडत नाही. बाळंतिणीला लागतात ते घड्यांचे कपडे कुणाला सुचलेलेच नाहीत. ती स्वतः रांगेत जाऊ शकत नाही. रांगेत धक्काबुक्की आहे आणि बाळंतीण चालती-फिरती दिसणं बरं नाही असंही लोक मानतात. तिच्या वाट्याचं आणणारी तिची माणसं गेली आहेत. नवरा तेरणेपलीकडच्या गावात, तो आहे की नाही याचा पत्ता नाही. तिचं अन्न सुईण आणते. मोठ्या घरची लेक आज गावकुसाबाहेरच्या पाटीतली भाकरी खाते आहे, आणि दोघींपैकी कुणीही त्यावर बोलत नाही.

बाळ किरकिरतं आहे. मुलगी भेदरलेली. "धक्क्यानं दूध आटलं माझं," ती म्हणते. तंबूतल्या सगळ्या बाया माना डोलावतात. आटणारच, एवढं झालं.

शेजारी कुणीतरी डबा ठेवून गेलं आहे. दुधाची भुकटी, वर गुटगुटीत बाळाचं चित्र, सोबत एक प्लॅस्टिकची बाटली. देणाऱ्याच्या मनात करुणाच होती. पण तो डबा उघडण्याआधी थांबा. भुकटी कालवायची ती त्या विहिरीच्या पाण्यात. बाटली धुवायची त्याच पाण्यात. उकळायला कोरडं लाकूड सहज मिळत नाही. डबा संपला की दुसरा कधी येईल ते कुणाला माहीत नाही, आणि तोवर चोखणं थांबल्यानं आईचं दूध खरंच कमी झालेलं असेल. २००६ मध्ये इंडोनेशियातल्या योग्याकार्ताच्या भूकंपानंतर पाहणी झाली, तेव्हा दानात आलेली भुकटी मिळालेल्या दोन वर्षांखालच्या मुलांत जुलाबाचं प्रमाण न मिळालेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. आणि या दुपारी तुम्हाला हेही ठाऊक आहे, की बाळदुधाच्या डब्यांवरचा १९९२ चा भारतीय कायदा दोनच महिन्यांपूर्वी, १ ऑगस्ट १९९३ ला, लागू झाला आहे. असे डबे आणि बाटल्या दान म्हणून वाटायला त्यात मनाई आहे, सूट फक्त अनाथालयांना. दिल्लीत झालेला कायदा या तंबूपर्यंत पोचायला दोन महिने फार थोडे.

डबा बाजूला सरकवा, पण मुलीला "असं काही नसतं" म्हणून उडवून लावू नका. तिला जे जाणवतं ते खरं आहे. भीतीनं, धक्क्यानं दूध आटत नाही, अडतं. स्तनात ते तयार होत असतं. बाहेर ढकलणारा स्राव मेंदूतून येतो आणि भेदरलेल्या जिवात तो तात्पुरता रोखला जातो. त्यावर औषध म्हणजे आडोसा, कुणीतरी पाठीवर हात ठेवणं, पोटभर खाणं-पिणं आणि बाळाला पुन्हा पुन्हा लावत राहणं. तंबूत पुरुषांची ये-जा आहे, म्हणून ती कालपासून पदर सोडत नाहीये. दूध अडायचं निम्मं कारण तेच. कोपऱ्यात दोन चादरी बांधा. ट्रकमधल्या त्या नायलॉनच्या साड्या आता उपयोगी पडतील.

मग तिला जेवू घाला. मदत करणाऱ्यांना हे सहज सुचत नाही, की बाळाला पोसायचं तर डबा बाळासाठी नव्हे, ताट आईसाठी लागतं. भाकरी, वरण, गूळ-शेंगदाणे. अर्धपोटी बाईच्या अंगावरही बाळापुरतं दूध येतं, पण ते तिच्या हाडामांसातून येतं. तिला एक भाकरी जास्त मिळणं हा तिचा हक्क आहे.

सुईण तिच्या मागे बसते. पाठ चोळते, खांद्यांपासून खाली. मुलगी पहिल्यांदाच आईचं नाव घेऊन रडते, खूप वेळ. बाळ चोखत असतं. रडता रडता तिच्या दुसऱ्या स्तनातून दूध गळायला लागतं आणि चोळी भिजते. "आलं बघ माय, आलं," सुईण म्हणते.

तंबूच्या दुसऱ्या टोकाला दीड महिन्याचं एक बाळ आहे, त्याची आई गेली. त्याची आजी त्याला साखरपाणी पाजते आहे. तो डबा आता उचला. तो याच्यासाठी आहे. बाटली फेकून द्या. वाटी आणि चमचा घ्या, ती उकळता येतात.  पाणी लष्कराच्या टँकरचं, तेही उकळून. डब्यावरच्या मापानंच भुकटी, पुरवायची म्हणून पातळ करायची नाही. डबा संपायच्या आत दुसरा कुणी आणायचा हे आजच ठरवा, नाव घेऊन. आणि त्याआधी विचारा, इथं दुसरं कुणी अंगावर पाजणारं आहे का? तुमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत एक बाई हात पुढं करते. ताडपत्री धरलेल्यांतल्या ज्या दोघींची लेकरं ढिगाऱ्याखाली होती, त्यांपैकी ती एक. तिचं तान्हं काल सापडलं, तिचे स्तन दगडासारखे कडक झालेत, अंगात ताप आहे. तुम्ही काही सुचवत नाही. ती स्वतःच बाळ घेते. असं घडतं तेव्हा आजूबाजूच्यांनी बघत बसू नये. तुम्हीही तोंड फिरवा, पाणी भरायला जा.

याच वर्षी, याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग घरी जन्मलेल्या बाळांची नोंद ठेवू लागले आहेत. हजारी ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. १९९५ पासून गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. श्वास, ऊब, अंगावरचं दूध, जंतुसंसर्गाची खूण आणि त्यावरचं औषध. तीन वर्षांत ६२ चे साडेपंचवीस झाले. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं आणि पुढं आशा कार्यकर्तीच्या कामात ते देशभर गेलं. तिथं भूकंप नव्हता. पण रस्ता नाही, डॉक्टर नाही, वीज नाही, ही त्या गावांची रोजची स्थिती होती. इथल्या लोकांना जे एका पहाटेत झालं, ते तिथं बारमाही होतं. म्हणून तिथं शिकलेलं इथं लागू पडतं, आणि म्हणूनच आपत्तीत कुणाला आधी शोधायचं याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. बाहेरून येणाऱ्या पथकानं गावातल्या सुईणीला शोधावं, आशाला शोधावं. कुणाचे दिवस भरलेत, कुणाला आधी झटके आले होते, कुणाचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, हे तिला नावानिशी माहीत असतं. ती स्वतः वाचली असेल, तर तिच्या हातात साबण, ब्लेड, दोरा, सुती कापड द्या, तिला जेवायला द्या, आणि ती सांगेल तिथं गाडी पाठवा.

सहाव्या दिवशी पत्र्याच्या आडोशाखाली नर्सबाई येतात. त्यांच्या पायाला पट्टी आहे, त्यांचंही घर पडलंय. खांद्यावर पिशवी, हातात झोळीचा काटा. कालची पाचवी कुणी पुजली नाही. पितृपक्षही लागलेला, आणि गावात ज्याच्या-त्याच्या घरी सुतक. नर्सबाई बाळाची पावलं हातात धरतात, मग पोटावर हात ठेवतात. दोन्ही सारखीच उबदार. नाळ सुकली आहे, भोवती लाली नाही. पू नाही, ताप नाही. झोळीत घालतात. काटा दोन किलोच्या जरा खाली स्थिरावतो. पहिल्या आठवड्यात थोडं घटतंच, त्या सांगतात, दूध ओढतंय ना, मग भरून निघेल. मग मुलीकडे वळून विचारतात, लघवीला जळजळतं का, स्रावाला वास येतो का, डोकं दुखतं का, रात्री झोप लागते का. शेवटच्या प्रश्नाला ती मान हलवते. नाही लागत.

"कुणाला लागत नाही गं," नर्सबाई म्हणतात. "पण तू पडून तरी राहा. बाळाला मावशी घेतील तासभर."

सुईण हात पुढं करते. मुलगी क्षणभर थांबते, मग बाळ तिच्या हातात देते. सुईण आपल्या चोळीच्या गुंड्या सोडते, बाळाला छातीशी उघडं ठेवते, वर लुगडं ओढते. हे तुम्ही तिला सांगितलेलं नाही. आजीच्या अंगालाही ऊब असतेच, हे तिचं तिनं ताडलं.

नर्सबाई वहीत लिहितात आणि पान उलटतात. पुढच्या पानावर पाच नावं आहेत, सगळ्यांचे दिवस याच पंधरवड्यात भरायचे. त्यांतली दोन सापडत नाहीत. तिसरी शेतातल्या छपरात आहे असं कुणी म्हणतं, कळा सुरू आहेत म्हणे.

"तुम्ही रिकाम्या आहात का?" त्या तुम्हाला विचारतात. "मग साबण घ्या अन् ते पातेलं उचला. छप्पर ओढ्यापलीकडं आहे."

सुईण बाळ आईच्या कुशीत परत देते, पदर खोचते आणि तुमच्या दोघींच्या पुढं चालायला लागते.